गुजरांची कुलनामे आणि व्युत्पत्तीची कसोटी

१

ज्या भारतीय समाजांच्या मूळस्थानाविषयी पंडितांनी विपुल लेखन केले आहे, त्यांत गुजरांचा क्रम बराच वरचा लागेल. काश्मीरच्या उतारांवर म्हशी राखणारे, यमुनेच्या दोन्ही तीरांवर शेती करणारे, राजस्थानात गोपालन व शेती अशा दोन्ही व्यवसायांत असणारे, आणि पाकिस्तानातील स्वात व हजारा या डोंगराळ मुलखांत वसलेले असे हे लोक धर्माने एक नाहीत, राहणीने एक नाहीत. त्यांना परस्परांशी जोडणाऱ्या गोष्टींत दोन प्रमुख होत : एक, 'गुजर' हे सामान्य नाव, आणि दुसरी, त्यांची 'गोते'. हा शब्द मराठी वाचकाला परका नाही. संस्कृत 'गोत्र', प्राकृत 'गोत्त', त्यापासून 'गोत'. आपल्याकडील गोतसभा व गोतावळा यांतील 'गोत' तोच. गुजरांचे गोत मात्र ऋषींच्या नावाने चालणारे ब्राह्मणी गोत्र नव्हे. ज्याच्या आत विवाह वर्ज्य आहे असे ते कूळ होय. चेची, कसाना, खटाना, भडाना, बैंसला, पोसवाल, गोर्सी, हूण, भाटी, चौहान ही त्यांतील काही नावे.

या कुलनामांचा अर्थ काय आणि ती आली कोठून, हा प्रश्न वरकरणी केवळ शब्दकोशाचा वाटतो. प्रत्यक्षात त्यावर बरेच काही टांगलेले आहे. गेल्या दीडशे वर्षांत या नावांच्या आधारे गुजरांना कधी कुषाण ठरवण्यात आले, कधी हूण, कधी खझर; आणि त्याच नावांच्या आधारे ते सूर्यवंशी क्षत्रिय आहेत असेही प्रतिपादण्यात आले. प्रस्तुत लेखाचा हेतू या मतांत आणखी एकाची भर घालण्याचा नाही. ही मते ज्या पद्धतीने उभारली गेली त्या पद्धतीची भाषाशास्त्राच्या दृष्टीने परीक्षा करणे, एवढाच तो मर्यादित हेतू आहे.

२

या चर्चेचा आरंभ अलेक्झांडर कनिंगहॅम यांच्यापासून धरण्यास हरकत नाही. १८७१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुरातत्त्वीय अहवालाच्या दुसऱ्या खंडात त्यांनी गुजरांचा संबंध कुषाण अथवा यूएची लोकांशी जोडला. पुढे मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचे संपादक जेम्स कॅम्बेल यांनी १९०१ मध्ये निघालेल्या गुजरातविषयक भागात गुजर म्हणजे खझर होत, असे मत मांडले. देवदत्त रामकृष्ण भांडारकर यांनी १९११ मध्ये 'इंडियन अँटिक्वरी'तील आपल्या सुप्रसिद्ध निबंधात हिंदू समाजातील परकीय घटकांचा विचार करताना गुर्जरांना बाहेरून आलेल्या लोकांत गणले, आणि अनेक राजपूत कुळांचा उगम त्यांच्याशी जोडला. याला सर्वांत निकराचा विरोध महाराष्ट्रातूनच झाला. चिंतामण विनायक वैद्य यांनी १९२१ ते १९२६ या काळात प्रसिद्ध केलेल्या मध्ययुगीन भारताच्या इतिहासात परकीय उगमाची ही सारी उपपत्ती फेटाळली. कन्हैयालाल मुनशी यांनी 'गुर्जर' हे मुळात देशाचे नाव असून लोकांना ते त्यावरून मिळाले, असा पक्ष घेतला.

या विद्वानांची योग्यता निःसंशय मोठी आहे. भांडारकरांनी शिलालेखांचे जे वाचन केले त्यावाचून या विषयात आजही पाऊल टाकता येत नाही. परंतु कुलनामांच्या बाबतीत दोन्ही पक्षांकडून एक मूलभूत दुर्लक्ष झाले. ही नावे बहुतांशी जनगणनेच्या व गॅझेटिअरच्या रोमन लिपीतील याद्यांतून चर्चेत आली. त्या याद्यांत ह्रस्व 'अ' आणि दीर्घ 'आ' यांत भेद नाही. 'न' आणि 'ण' यांत भेद नाही. 'द', 'ड' आणि ताडित 'ड़' ही तिन्ही एकाच अक्षराने लिहिलेली. अशा यादीत जे साम्य डोळ्यांना दिसते ते पुष्कळदा नावांचे साम्य नसून त्यांच्या रोमन लेखनाचे साम्य असते. कसाना आणि कुषाण, चेची आणि यूएची, गुजर आणि खझर या जोड्या रोमन अक्षरांत शेजारी ठेवल्या तर सख्ख्या बहिणी वाटतात. त्याच तोंडाने उच्चारून पाहिल्या की नाते विरळ होऊ लागते.

एखाद्या कुलनामाची व्युत्पत्ती ग्राह्य ठरण्यासाठी तीन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात. पहिली, त्या बोलीत अन्यत्र आढळणाऱ्या ध्वनिपरिवर्तनाच्या नियमांनी मूळ रूपापासून आजचे रूप निघाले पाहिजे. दुसरी, ते नाव ज्या नावांच्या मालिकेत बसते त्या मालिकेच्या घडणीशी ती व्युत्पत्ती सुसंगत असली पाहिजे. तिसरी, मूळ रूप त्या काळी व त्या प्रदेशात प्रचलित असल्याचा लेखी दाखला हवा. या तीन कसोट्या लावून प्रमुख समीकरणे तपासू.

३

प्रथम 'गुजर' या नावाचाच विचार करू. कारण खझरांशी संबंध जोडणारी उपपत्ती त्यावरच उभी आहे. संस्कृत 'गुर्जर' पासून प्राकृत 'गुज्जर' आणि त्यापासून 'गूजर' किंवा 'गुजर' ही वाटचाल अगदी सरळ आहे. रेफयुक्त जोडाक्षरातील रेफ पुढील व्यंजनात मिसळून जातो, हा नियम मराठीलाही लागू आहे. 'गर्ज्' पासून 'गज्ज' आणि त्यापासून आपले 'गाजणे' झाले, ते याच मार्गाने. म्हणजे 'गुजर' हे रूप नंतरचे आहे, आणि तुलना करावयाची ती 'गुर्जर' या रूपाशी केली पाहिजे.

येथे असा आक्षेप येऊ शकतो की, 'गुर्जर' हेच पंडितांनी मागाहून केलेले संस्कृतीकरण असेल आणि लोकांच्या तोंडी प्रथमपासून 'गुज्जर'च असेल. आक्षेप रास्त आहे. पण त्याला एक अनपेक्षित साक्षीदार उत्तर देतो. नवव्या शतकातील अरबी लेखक या राज्याला 'जुर्ज़' म्हणतात. ८५१ मधील ज्या प्रवासवृत्तात राष्ट्रकूट राजाचा 'बल्हरा' म्हणजे वल्लभराज म्हणून गौरव आहे, त्यातच 'जुर्ज़'च्या राजाचाही उल्लेख आहे. अरबी भाषेत 'ग' नाही. म्हणून प्रारंभीच्या 'ग'ला त्यांनी 'ज' केले. मधला रेफ मात्र त्यांनी राखला. संस्कृत व्याकरणाशी त्यांना कर्तव्य नव्हते. कानावर पडले ते त्यांनी लिहिले. अर्थात रेफ त्या काळी उच्चारात जिवंत होता. शिवाय अरबांना कास्पियन समुद्राकाठचे खझरही चांगले परिचित होते, आणि त्यांना ते 'अल्-खज़र' म्हणत. एकाच भाषेच्या लेखकांनी दोन लोकांना दोन वेगळी नावे दिली असताना, हजार वर्षांनंतर ती नावे एकच होती असे म्हणण्यासाठी फार बळकट कारण हवे. ते कॅम्बेल यांच्या विवेचनात सापडत नाही.

४

आता 'कसाना'. कुषाणांशी याचे समीकरण आजही सर्वाधिक लोकप्रिय आहे. परंतु कुषाणांचे नाव ज्या ज्या लिपीत व भाषेत सापडते, तेथे पहिल्या अक्षरात 'उ' किंवा 'ओ' हाच स्वर आहे. पंजतर येथील खरोष्ठी लेखात 'गुषण', तक्षशिलेच्या लेखात 'खुषण', बाख्त्री भाषेतील नाण्यांवर 'कोशानो', सासानी सम्राट पहिला शापूर याच्या लेखात 'कूशान'. आद्य व्यंजन बदलते. स्वर बदलत नाही. या 'उ'चा 'अ' कसा झाला, याचे उत्तर समीकरण मांडणाऱ्यांनी दिले पाहिजे.

प्राकृतात 'उ'चा 'अ' होतो हे खरे. 'गुरुक' चे 'गरुअ', 'मुकुल' चे 'मउल', 'मुकुट' चे 'मउड' ही उदाहरणे वैयाकरणांनी दिली आहेत. परंतु ती नीट पाहता दिसून येईल की, त्यांत लगेच पुढे दुसरा 'उ' आहे. दोन 'उ' लागोपाठ आल्यामुळे पहिल्याचे विषमीकरण झाले. 'कुषाण' या शब्दात पुढे 'आ' आहे. तेथे हे कारण लागू पडत नाही. अनाघात ह्रस्व स्वर काही बोलींत क्षीण होतो, असा बचाव करता येईल. पण मग त्याच बोलीतील इतर शब्दांत 'आ'पूर्वीचा 'उ' असाच क्षीण झाल्याचे दाखवावे लागेल. एका शब्दापुरता नियम हा नियम नव्हे.

दुसऱ्या कसोटीवर हे समीकरण अधिकच लंगडे पडते. 'कसाना' हे नाव एकटे नाही. खटाना, भडाना, अधाना, हरसाना, अवाना अशी त्याच घडणीची नावे गुजरांत आहेत. ही मालिका पाहताच 'आना' किंवा 'आणा' हा प्रत्यय आहे, असा विचार मनात येतो. हा प्रत्यय एकाहून अधिक मार्गांनी येऊ शकतो. संस्कृतात 'कात्यायन', 'आश्वलायन' यांसारख्या अपत्यवाचक नामांत 'आयन' आहे, आणि त्याचा संकोच 'आण' असा होणे स्वाभाविक आहे. स्थलवाचक 'स्थान' झिजूनही असेच रूप मिळू शकते. 'राजपुताना' या शब्दातील फारसी वळणाचा प्रत्ययही वगळता येत नाही. सिंधीतील 'आणी' हा वंशवाचक प्रत्यय तर आडवाणी, कृपलानी या नावांमुळे सर्वांच्या परिचयाचा आहे. यांपैकी कोणता मार्ग खरा, हे प्रत्येक नावाच्या बाबतीत वेगळे ठरवावे लागेल. मात्र एवढे निश्चित की, मालिकेतील पाच नावे प्रत्ययान्त मानावयाची आणि सहावे तेवढे ओढून बाख्त्रियात न्यावयाचे, हा न्याय नव्हे.

येथे आणखी एक सूचना करावीशी वाटते. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषासर्वेक्षणाच्या नवव्या खंडाच्या चौथ्या भागात, १९१६ मध्ये, गुजरी भाषेचे नमुने प्रसिद्ध झाले. तिची राजस्थानीशी, विशेषतः मेवातीशी, असलेली जवळीक त्यांनी दाखवून दिली. राजस्थानीप्रमाणेच गुजरीतही सबल पुल्लिंगी नामांचे एकवचन ओकारान्त आणि अनेकवचन आकारान्त असते : 'घोड़ो', 'घोड़ा'. हे ध्यानात घेतले म्हणजे 'कसाणा', 'खटाणा' ही रूपे मुळात संपूर्ण कुळाचा निर्देश करणारी अनेकवचने तर नव्हेत, असा प्रश्न उपस्थित होतो. तसे असेल तर शब्दान्तीचा 'आ' हा मूळ नावाचा भागच नव्हे. तो विभक्तीचा आहे. हा प्रश्न ग्रंथालयात बसून सुटणारा नाही. त्यासाठी गुजरी बोलणाऱ्या घरात जाऊन, एका माणसाविषयी बोलताना आणि कुळाविषयी बोलताना काय म्हणतात, हे ऐकावे लागेल.

५

'चेची' आणि 'यूएची' यांचे समीकरण त्याहून दुबळे आहे. यूएची हा चिनी ग्रंथांतील शब्द. त्याचा आजचा चिनी उच्चार घेऊन त्याची तुलना आजच्या गुजर कुलनामाशी करण्यात येते. परंतु दोन हजार वर्षांपूर्वी तो शब्द तसा उच्चारला जात नव्हता. त्याचे पहिले अक्षर त्या काळी कंठ्य अनुनासिकाने, म्हणजे आपल्या 'ङ'सारख्या ध्वनीने, सुरू होत होते व 'त'ने संपत होते, असे चिनी भाषेच्या इतिहासाच्या अभ्यासकांनी ठरवले आहे. त्या रूपात 'चेची'शी साम्य उरत नाही. दुसरे असे की, हे नाव शेजाऱ्यांनी दिलेले आहे. कुषाण राजांनी आपल्या लेखांत स्वतःला यूएची म्हटलेले नाही, आणि भारतीय ग्रंथांत त्यांच्याशी संबद्ध असे जे नाव येते ते 'तुखार' किंवा 'तुषार' आहे. ज्या नावाने ते लोक स्वतःला ओळखत नव्हते, ते नाव त्यांच्या वंशजांनी कुलनाम म्हणून जपून ठेवले, असे मानणे कठीण आहे.

याउलट 'हूण' या कुलनामाचे काय? येथे ध्वनिनियमांची अडचण मुळीच नाही. संस्कृत लेखांतील 'हूण' आणि आजचे 'हूण' तंतोतंत तेच. लेखी दाखलाही आहे. त्रिपुरीचा कलचुरी राजा कर्ण याची राणी आवल्लदेवी हूण कुळातील होती. म्हणजे अकराव्या शतकात मध्य भारतात हूण हे राजकुळांशी सोयरीक होण्याइतके प्रतिष्ठित क्षत्रिय कूळ होते. तेव्हा गुजरांतील हूण गोताचा संबंध त्या हूणांशी असणे सर्वथा संभवनीय आहे, हे परकीय उगमाच्या विरोधकांनीही मान्य केले पाहिजे. परंतु त्यातून निष्पन्न काय होते? एका समाजात एका कुळाचे नाव हूण आहे, एवढेच. एक कूळ दुसऱ्या समाजात आश्रयाने, विवाहाने, चाकरीने किंवा शेजाराने सामावते तेव्हा ते आपले नाव बरोबर आणते; त्यामुळे त्या संपूर्ण समाजाचा उगम बदलत नाही. ओढ्याचे नाव नदीला लावता येत नाही.

६

तिसरे उदाहरण अधिक रोचक आहे, आणि आमच्या मते यापुढील संशोधनास सर्वांत आशादायक आहे. फरिदाबादच्या आसमंतात भडाना गोताच्या गुजरांची मोठी वस्ती आहे. दहाव्या शतकाच्या आरंभी राजशेखराने 'काव्यमीमांसे'त मरुभूमी, टक्क आणि भादानक येथील लोकांची भाषा अपभ्रंशमिश्रित असल्याचे नमूद केले आहे. राजशेखराचे घराणे महाराष्ट्रातील, आणि तो स्वतः कनौजच्या प्रतीहार राजसभेतील कवी. त्यामुळे उत्तरेकडील बोलींविषयीच्या त्याच्या साक्षीला विशेष मोल आहे. भादानक हा प्रदेश आजच्या भरतपूर जिल्ह्यातील बयाना परिसरात होता, असे दशरथ शर्मा आदी इतिहासकारांनी दाखवले आहे. बयाना फरिदाबादपासून फार दूर नाही. 'भादानक' आणि 'भडाना' यांतील साम्य, त्यांचा भूगोल आणि अपभ्रंशाशी असलेला संबंध या तिन्ही गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवतात.

तरीही कसोटी लावलीच पाहिजे. 'भादानक' मधील स्वरमध्यस्थ 'द' लोपून 'भयाणय' आणि पुढे महाप्राण जाऊन 'बयाना' ही वाटचाल नियमानुसार आहे. शब्दान्तीच्या 'अक'चा 'आ' होणेही नियमानुसार. पण मग कुलनामात 'ड़' कोठून आला? एकाच शब्दातील एकाच 'द'चा ग्रामनामात लोप व्हावा आणि कुलनामात त्याचा मूर्धन्य वर्ण व्हावा, हे विनाकारण होत नाही. दन्त्य 'द'चा 'ड' होतो खरा. 'दंश' पासून आपले 'डसणे' झाले. पण हा बदल मुख्यत्वे शब्दाच्या आरंभी होतो, मध्ये क्वचित. दुसरी शक्यता अशी की, मूळ देशी नावातच 'ड' होता आणि 'भादानक' हे त्याचे पंडिती रूप. तसे मानले तर 'बयाना'च्या व्युत्पत्तीचा पुनर्विचार करावा लागेल. दोन्ही बाजूंनी काही तरी सोडावे लागते. म्हणून हे समीकरण सिद्ध झाले असे म्हणता येत नाही. पण ते तपासण्याजोगे आहे, आणि ते कशाने सिद्ध वा असिद्ध होईल हेही सांगता येते. 'कुषाण–कसाना' आणि 'भादानक–भडाना' यांत हाच महत्त्वाचा फरक आहे.

या प्रकरणात रोमन लेखनाने केलेला घोटाळाही स्पष्ट दिसतो. रोमन याद्यांत 'भादाना' आणि 'भड़ाना' यांचे लेखन एकच; त्यामुळे ज्या अडचणीवर सर्व प्रश्न अवलंबून आहे, ती अडचण तेथे दिसतच नाही.

७

राहता राहिली ती राजपुतांशी समान असलेली नावे : चौहान, तंवर, पंवार, भाटी. यांच्या व्युत्पत्ती ठीक आहेत. 'चाहमान' पासून 'चाहवाण', त्यापासून 'चौहान' आणि मराठी 'चव्हाण'. 'तोमर' पासून 'तोंवर' व 'तंवर'. 'परमार' पासून 'पंवार' व मराठी 'पवार'. स्वरमध्यस्थ 'म'चा सानुनासिक 'व' होणे आपल्याला 'नाम–नाव', 'ग्राम–गाव' या जोड्यांतून परिचित आहे. तिन्ही मूळ रूपे शिलालेखांत आहेत. व्युत्पत्तीच्या सर्व कसोट्या येथे उतरतात.

आणि तरीही या नावांवरून गुजर हे राजपुतांचे वंशज किंवा राजपूत हे गुजरांचे, यांपैकी काहीच सिद्ध होत नाही. हे समजण्यास महाराष्ट्राइतका चांगला आरसा दुसरा नाही. चव्हाण आणि पवार ही आडनावे आपल्याकडे मराठ्यांत आहेत, बंजाऱ्यांत आहेत, दलित समाजांतही आहेत. नावाची व्युत्पत्ती निर्विवाद, पण त्यावरून माणसाची जात सांगता येत नाही, मग वंश कोठला? खुद्द 'गुजर' हा शब्दच घ्या. मराठीत तो कधी गुजरातेतून आलेल्या व्यापाऱ्याचा वाचक आहे. कोल्हापूरच्या सराफपेठेला 'गुजरी' म्हणतात. १६७४ मध्ये नेसरीच्या खिंडीत पडलेले सरसेनापती प्रतापराव यांचे ते आडनाव आहे. आणि खानदेशात तापीच्या काठी शेती करणाऱ्या रेवे व दोडे गुजरांचे ते ज्ञातिनाम आहे. एकच शब्द, तीन निरनिराळी प्रयोजने. खानदेशी गुजरांतील पुष्कळांची आडनावे तर पाटील, चौधरी अशी अधिकारवाचक आहेत; जुने कूळ त्यांच्या मागे झाकले गेले आहे.

अधिकारवाचक नावाचे कुलनाम होणे ही गोष्ट उत्तरेतही जुनी आहे, आणि तिचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे 'प्रतीहार'. प्रतीहार म्हणजे द्वारपाल. त्यापासून 'पडिहार' व 'परिहार' ही रूपे निघाली. मिहिरभोजाच्या ग्वाल्हेर येथील प्रशस्तीत या नावाचे स्पष्टीकरण दिले आहे ते असे की, वंशाचा मूळ पुरुष लक्ष्मण हा रामाचा द्वारपाल होता. म्हणजे नाव आधी होते. त्याला शोभेल असा पूर्वज नंतर शोधण्यात आला. ८३७ च्या बाउकाच्या जोधपूर लेखात त्याच प्रतीहार नावाच्या दुसऱ्या शाखेचा मूळ पुरुष हरिश्चंद्र नामक ब्राह्मण सांगितला आहे. लोकव्युत्पत्ती केवळ निरक्षर जनांत चालते असे नाही; राजसभेतील पंडितही तीच करीत होते. कुलनामावरून राष्ट्रांचे स्थलांतर सांगणारे आधुनिक पंडित त्याच परंपरेतील होत, असे म्हणण्याचा मोह आवरत नाही.

८

मग या नावांतून काहीच कळत नाही काय? तसे नाही. एकेका नावातून फार मागण्याचे सोडून नावांचा समुच्चय पाहिला, तर तो पुष्कळ बोलतो. 'वाल'प्रत्ययान्त पोसवालसारखे नाव ओसवाल, खंडेलवाल या नावांप्रमाणे स्थानाकडे निर्देश करते. 'आना'प्रत्ययान्त नावांत वंश आणि स्थान दोन्ही असण्याचा संभव आहे. चौहान, तंवर ही नावे राजसत्तेच्या छायेत आलेल्या कुळांची आहेत. हूण हे नाव सामावल्या गेलेल्या एका जुन्या लोकाचे स्मरण आहे. अर्थात हा समाज एका वेळी, एका ठिकाणाहून, एका वंशाचा म्हणून आलेला नसून, शतकानुशतके निरनिराळ्या कुळांच्या जुळणीतून घडला आहे, असेच ही नावे सांगतात. गुजरांची स्वतःची परंपराही मूळच्या अडीच घरांविषयी बोलते व गोर्सी आणि कसाना ही त्यांतील दोन पूर्ण घरे असल्याचे सांगते. बाकीची कुळे मागाहून जोडली गेली, याची जाणीव त्या परंपरेतही आहे.

याला शिलालेखाचा आधार आहे. अलवरजवळच्या राजोर येथील विक्रम संवत १०१६, म्हणजे इ. स. ९५९–६० मधील लेखात, मथनदेव हा राजा स्वतःला गुर्जर-प्रतीहार कुळाचा म्हणवतो. त्याच लेखात शेजारची शेते गुर्जर कसत असल्याचा उल्लेख आहे. एकाच दगडावर सिंहासनावरचा गुर्जर आहे आणि नांगरामागचाही. ज्यांना गुर्जर म्हणजे केवळ राजवंश हवा आहे, आणि ज्यांना गुर्जर म्हणजे केवळ पशुपालक जमात हवी आहे, त्या दोघांनीही हा लेख पुन्हा वाचावा.

कुळाचे नाव धर्मांतरातही टिकते, हे आणखी महत्त्वाचे. जम्मू-काश्मीरमधील मुसलमान गुजर आणि राजस्थानातील हिंदू गुजर यांत चेची, कसाना, खटाना ही गोते समान आहेत. देव बदलला, विधी बदलले, गोत राहिले. याचे कारण त्या नावाच्या अर्थात नसून त्याच्या कार्यात आहे. सोयरीक कोठे करावी आणि कोठे करू नये, परमुलखात आपला कोण आणि परका कोण, हे ते सांगते. नावाचा अर्थ विसरला तरी त्याचे काम चालू राहते. म्हणूनच अर्थ विसरलेली नावे शतकानुशतके जगतात.

९

हा विषय ग्रंथालयापुरता असता तर इतक्या विस्ताराची गरज नव्हती. परंतु सप्टेंबर २०२१ मध्ये उत्तर प्रदेशातील दादरी येथे आणि मध्य प्रदेशातील ग्वाल्हेर येथे मिहिरभोजाच्या पुतळ्याच्या फलकावर 'गुर्जर' हा शब्द असावा की नसावा, यावरून दोन समाजांत तीव्र वाद उद्भवला, आणि ग्वाल्हेरचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. दोन्ही बाजूंच्या हाती जी पुस्तके होती, त्यांतील प्रतिपादनांचा मोठा भाग याच लेखात परीक्षिलेल्या साम्यांवर व प्रशस्तींवर उभा आहे. विद्वानाने सहज म्हणून केलेले समीकरण शंभर वर्षांनी फलकावर चढते, हे आपण विसरता कामा नये.

दुसरीकडे, याच समाजाचे आजचे प्रश्न कुषाणांवर अवलंबून नाहीत. जम्मू-काश्मीरच्या गुजरांना १९९१ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला; राजस्थानातील गुजरांनी २००७ पासून मोठी आंदोलने केली, आणि २०१९ मध्ये तेथे गुजरांसह अतिमागास वर्गांना पाच टक्के आरक्षणाचा कायदा झाला. त्या आंदोलनाच्या नेत्याचे, किरोडीसिंग बैंसला यांचे, आडनाव हे गोताचेच नाव होते. 'बैंसला'चा अर्थ काय, हे त्या आंदोलनात कोणी विचारले नाही, आणि विचारण्याचे कारणही नव्हते. माणसाचा हक्क त्याच्या पूर्वजाच्या मुकुटावरून ठरत नाही, तसा त्याच्या परकेपणावरूनही नाकारला जात नाही.

भाषाशास्त्राच्या अभ्यासकाचे कर्तव्य मात्र निराळे आणि निकडीचे आहे. शाळा, नोकरी आणि सरकारी कागद यांमुळे गोतनामांची रूपे झपाट्याने एकसाची होत आहेत. प्रमाण हिंदी लेखनात 'कसाणा'चे 'कसाना' होते. उर्दू लेखनात 'ण' सहसा वेगळा दाखवला जात नाही. रोमन लेखनात तर काहीच उरत नाही. व्युत्पत्तीचा निर्णय ज्या ध्वनींवर अवलंबून आहे, नेमके तेच ध्वनी कागदावर येताना गळून पडतात. तेव्हा प्रथम गरज आहे ती प्रत्येक गोताचे नाव बोलणाऱ्याच्या तोंडून, एकवचनी व अनेकवचनी रूपांसह, गावाच्या व सोयरिकीच्या माहितीसह, आणि 'न–ण', 'द–ड–ड़' हे भेद राखून टिपण्याची. काश्मीरपासून खानदेशापर्यंतची अशी एक सूची सिद्ध झाली तर कुलनामांविषयीची निम्मी मते आपोआप गळून पडतील, आणि उरलेल्या निम्म्यांचा विचार प्रथमच शास्त्रीय पायावर करता येईल. खानदेशातील भाग तर महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या दाराशीच आहे. त्या कामास आरंभ करण्यास कुषाणांच्या नाण्यांची वाट पाहण्याचे कारण नाही.